ड्रायर कपडे ओलेच सोडतो तेव्हा : ओलावा-सेन्सरची घरच्या घरी तपासणी

ड्रायरने काम संपल्याची घंटी वाजवावी आणि दार उघडून पाहिले तर जीन्सचा कमरपट्टा, टर्किश टॉवेलचे काठ आणि अभ्र्यांचे कोपरे ओलेच सापडावेत, हा अनुभव स्वयंचलित ड्रायर वापरणाऱ्या बहुतेक घरांत कधी ना कधी येतो. याच्या उलटही घडते. चार शर्ट टाकले तरी यंत्र दोन-अडीच तास फिरत राहते आणि कपडे पापडासारखे कडक होऊन बाहेर येतात. दोन्ही वेळा पहिला संशय ओलावा ओळखणाऱ्या सेन्सरवर जातो. हा संशय अगदीच निराधार नसतो, मात्र सेन्सर हा भाग इतका साधा असतो की तो स्वतः सहसा बिघडत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचणारी खबर चुकीची असते. म्हणून मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी, आणि विशेषतः महागडा पीसीबी (यंत्र चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) बदलायला होकार देण्यापूर्वी, पुढील तपासणी क्रमाने करून पाहावी. तिचा बराचसा भाग एकही स्क्रू न काढता होतो.

सेन्सर नेमके काय ओळखतो

दार उघडून ड्रमच्या तोंडाशी, बहुधा लिंट फिल्टरच्या (कपड्यांची लव अडवणाऱ्या जाळीच्या) जवळ पाहिले, तर साधारण बोटभर लांबीच्या, स्टीलच्या दोन चकचकीत पट्ट्या एकमेकींना समांतर बसवलेल्या दिसतात. काही यंत्रांत त्या ड्रमच्या आतील उभ्या फासळ्यांवर असतात, तर काहींत ड्रमचा पत्राच एक टोक म्हणून वापरलेला असतो. एवढ्या पट्ट्या आणि त्यांना जोडलेल्या दोन वायरी, हाच तो सेन्सर. फिरणारे ओले कापड दोन्ही पट्ट्यांना एकाच वेळी टेकले की त्यातील पाण्यामधून अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाहतो आणि पीसीबी त्याची नोंद घेतो. कपडे वाळत जातात तसा हा प्रवाह कमी होतो, ओल्या स्पर्शांची संख्या घटते आणि ठरावीक मर्यादेनंतर यंत्र ‘आता वाळले’ असा निष्कर्ष काढते. शेवटचा थोडासा ओलावा मात्र अशा रीतीने पकडता येत नाही, कारण जवळजवळ वाळलेल्या कापडातून प्रवाह नावापुरताच वाहतो. त्यामुळे तेथून पुढचा वेळ यंत्र अंदाजाने जोडते आणि आपण निवडलेल्या प्रोग्रॅमनुसार तो कमी-अधिक होतो.

पाण्याचा प्युरिफायर बसवायला येणारा माणूस पेनासारखे टीडीएस मीटर पेल्यात बुडवून आकडा दाखवतो, ते आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेले असते. त्या पेनाच्या शेवटीही धातूची दोन टोकेच असतात आणि तेही पाण्याची विद्युतवाहकताच मोजते. आकडा फक्त क्षारांच्या भाषेत दाखवते. ड्रायरचा सेन्सर हा त्याचाच भाऊबंद. ही तुलना लक्षात ठेवली तर पुढची बरीचशी कोडी आपोआप सुटतात. पट्ट्यांवर मेणचट थर बसला तर प्रवाह अडतो आणि ओले कपडेही यंत्राला वाळलेले वाटतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये एखादी धातूची वस्तू किंवा ओला कचरा अडकला तर प्रवाह वाहतच राहतो आणि कोरडे कपडेही ओले वाटतात. कपडे पट्ट्यांपर्यंत पोहोचलेच नाहीत तर यंत्राला ड्रम रिकामाच भासतो.

तपासणीपूर्वी एक खातरजमा करावी. बाजारात मिळणाऱ्या काही साध्या ड्रायरमध्ये ओलावा ओळखणारा सेन्सर मुळातच नसतो, केवळ टायमर असतो. धुणे आणि वाळवणे एकाच ड्रममध्ये करणाऱ्या अनेक वॉशर-ड्रायरमध्येही या पट्ट्या नसतात. तेथे हवेच्या आणि पाण्याच्या तापमानावरून अंदाज बांधला जातो. अशा यंत्राच्या ड्रममध्ये पट्ट्या शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यांच्याबाबतीत तक्रारीचे कारण बहुतेकदा वेगळेच निघते. आठ किलो कपडे धुणारे यंत्र एका वेळी पाचच किलो वाळवू शकते, हे खरेदीच्या वेळी कोणी ठळकपणे सांगत नाही, आणि आपण धुतलेले सगळे कपडे तसेच आत ठेवून वाळवण्याचे बटण दाबतो.

कपडे खरोखर ओले आहेत का

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण येथूनच सुरुवात करावी. ड्रममधून नुकतेच काढलेले गरम कापड हाताला दमट लागते. ते झटकून पाच मिनिटे पसरून ठेवावे आणि मग हात लावून पाहावा. दुसरे असे की सुती कापड हवेतील ओलावा स्वतःहून शोषून घेते. हवेची सापेक्ष आर्द्रता 65 टक्के असताना वाळलेल्या सुतातही त्याच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के पाणी असते आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैच्या हवेत हे प्रमाण आणखी वाढते. पॉलिएस्टरमध्ये ते अर्धा टक्काही नसते. त्यामुळे रात्री यंत्र लावून कपडे सकाळपर्यंत ड्रममध्येच ठेवले आणि सकाळी सुती चादर दमट लागली, तर दोष सेन्सरचा नसतो. कपडे यंत्र थांबल्याबरोबर काढून घडी घालून कपाटात ठेवले तर हा प्रकार टळतो.

हाताच्या अंदाजापेक्षा वजनाचा पुरावा भरवशाचा असतो. प्रवासाच्या बॅगा तोलण्यासाठी मिळतो तो हुकाचा छोटा डिजिटल वजनकाटा येथे उत्तम कामाला येतो. धुण्यापूर्वी कोरडे कपडे एका पिशवीत भरून तोलावेत, पिळून झाल्यावर पुन्हा तोलावेत आणि ड्रायरमधून काढून थंड झाल्यावर तिसऱ्यांदा तोलावेत. समजा कोरडे कपडे 3.2 किलो होते आणि 1200 फेऱ्यांच्या स्पिननंतर ते 4.9 किलोच्या आसपास भरले, तर याचा अर्थ कपड्यांत सुमारे 1.7 लिटर पाणी आहे. वाळवून झाल्यावर वजन 3.3 किलोच्या आत आले तर यंत्र आपले काम नीट करत आहे. ते 3.6 किलोवर थांबले तर आधी प्रोग्रॅमचे नाव पाहावे. ‘आयर्न ड्राय’ हा प्रोग्रॅम इस्त्री सोपी जावी म्हणून मुद्दाम ओल ठेवतो. आंतरराष्ट्रीय चाचणीत सुती कपड्यांसाठी ती मर्यादा 12 टक्के धरली जाते, म्हणजे 3.2 किलो कपड्यांत जवळजवळ 400 ग्रॅम पाणी राहणे हे या प्रोग्रॅमचे अपेक्षित फलित आहे. कपडे थेट कपाटात ठेवायचे असतील तर ‘कपबोर्ड ड्राय’, आणि टॉवेल, जीन्स, जाड शिवणीचे कपडे असतील तर ‘एक्स्ट्रा ड्राय’ निवडावा. घरातल्या कोणीतरी एकदा चुकून बदललेली ही निवड काही यंत्रे पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवतात, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसऱ्या तोलण्याचा आणखी एक उपयोग आहे. पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या 70 टक्क्यांहून जास्त पाणी राहत असेल, तर तक्रार वॉशिंग मशीनच्या स्पिनबाबत करायला हवी.

दोष उष्णतेचा की ओळखण्याचा

आता मुख्य चाळणी. चार-पाच ओले टॉवेल घेऊन ते सेन्सरच्या प्रोग्रॅमऐवजी वेळ ठरवून चालणाऱ्या, म्हणजे टायमरच्या प्रोग्रॅमवर तासभर लावावेत. या प्रोग्रॅममध्ये पट्ट्यांचे मत विचारले जात नाही. टॉवेल नीट वाळले, तर हवा तापवणारा हीटर किंवा हीट पंप, पंखा आणि हवेचा मार्ग ठीक आहेत आणि चूक ओलावा ओळखण्यात होत आहे. तासाभरानंतरही टॉवेल ओलेगच्च असतील, तर सेन्सरच्या मागे लागण्यात वेळ दवडू नये. आधी हवेचा मार्ग पाहावा.

हवेच्या मार्गात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते लिंट फिल्टरकडे. वर साठलेली लव आपण हाताने काढतो, पण फॅब्रिक सॉफ्टनरचा जो अदृश्य थर जाळीच्या छिद्रांवर बसतो तो तसाच राहतो. जाळी नळाखाली धरून पाहावी: पाणी सरळ खाली गेले तर ठीक, जाळीवर थबकून राहिले तर छिद्रे बुजलेली आहेत असे समजावे. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण मिसळून मऊ ब्रशने ती घासावी आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावी. कंडेन्सर किंवा हीट पंप प्रकारच्या (वाफेचे आतच पाणी करणाऱ्या) यंत्रात खालच्या बाजूला आणखी एक फिल्टर किंवा उष्णता-विनिमयाची जाळी असू शकते. माहितीपुस्तिकेत ती काढता येत असल्याचे लिहिले असेल तर तीही पाहावी. हवा बाहेर सोडणाऱ्या व्हेंटेड यंत्राची नळी दुमडलेली नाही ना आणि तिचे तोंड बंद बाथरूममध्येच तर उघडत नाही ना, हे तपासावे. बाहेरची पावसाळी हवा स्वतः फारशी अडचण करत नाही, कारण 30 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा 65 अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास उतरते. परंतु यंत्राने सोडलेली वाफ त्याच कोंदट खोलीत साठून पुन्हा आत ओढली गेली, तर मात्र वाळवण्याचे गाडे अडते.

ड्रममध्ये काय आणि किती आहे

टायमरवर टॉवेल वाळले, म्हणजे चूक ओळखण्यात आहे, हे ठरले. तरीही पट्ट्यांकडे वळण्याआधी कपड्यांच्या भाराकडे पाहावे. दोन रुमाल आणि एक बनियन एवढेच ड्रममध्ये टाकले तर ते पट्ट्यांना क्वचितच टेकतात आणि यंत्र दहा-पंधरा मिनिटांत थांबते. अशा वेळी सोबत एखादा मध्यम आकाराचा टॉवेल टाकावा किंवा टायमर वापरावा. याउलट ड्रम गच्च भरला तर कपडे मोकळे पडतच नाहीत. बाहेरच्या बाजूचे वाळतात, तेच पट्ट्यांना टेकत राहतात आणि आतला गोळा ओलाच राहतो. ड्रमचा साधारण अर्ध्याहून थोडा अधिक भाग भरावा आणि वर मोकळी जागा ठेवावी.

डबल बेडच्या चादरीबाबत थोडे जास्त सांगायला हवे, कारण घरोघरी सर्वाधिक तक्रारी तिच्यामुळेच होतात. फिरता फिरता चादर दोरखंडासारखी पिळली जाते आणि मोजे, रुमाल, अभ्रे पोटात घेऊन तिचे गाठोडे होते. या गाठोड्याचा बाहेरचा थर लवकर वाळतो, पट्ट्यांना कोरडा स्पर्श होतो आणि यंत्र थांबते. सेन्सरने येथे काहीही चूक केलेली नसते, त्याला जे टेकले ते कोरडेच होते. चादरी इतर कपड्यांबरोबर टाकू नयेत, अभ्र्यांची बटणे किंवा चेन लावून मगच ते ड्रममध्ये टाकावेत आणि अर्ध्या वेळेनंतर यंत्र थांबवून चादर एकदा हाताने सोडवून परत टाकावी. पॉलिएस्टरचे टी-शर्ट आणि जाड सुती टॉवेल एकत्र टाकल्यावरही असाच घोटाळा होतो. टी-शर्ट अर्ध्या वेळेतच वाळतात आणि ड्रममधले निम्मे स्पर्श कोरडे होतात. जाड आणि पातळ कपडे वेगळे वाळवण्याचा सल्ला कंटाळवाणा वाटतो खरा, पण स्वयंचलित प्रोग्रॅम त्या गृहीतावरच बेतलेला असतो.

पट्ट्या कशा पुसाव्यात

येथवर सारे ठीक असेल तर पट्ट्या साफ कराव्यात. खरे तर ही सफाई सर्वांत आधी केली तरी बिघडत नाही. मात्र ती करून प्रश्न न सुटल्यावर थेट ‘सेन्सर गेला’ असे ठरवले जाते, म्हणून वरील गोष्टी आधी सांगितल्या.

यंत्र बंद करून प्लग भिंतीवरच्या सॉकेटमधून काढावा आणि ड्रम पूर्ण थंड होऊ द्यावा. पट्ट्यांवर नुसते बोट फिरवले तरी थर जाणवतो; स्वच्छ स्टील बोटाला किंचित अडते, तर सॉफ्टनरचा थर असेल तर बोट मेणावरून सरकल्यासारखे घसरते. डोळ्यांना मात्र दोन्ही पट्ट्या सारख्याच चकचकीत दिसू शकतात, त्यामुळे दिसण्यावर जाऊ नये. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन दोन्ही पट्ट्या संपूर्ण लांबीभर, कडांसह, बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसाव्यात. हे द्रव ज्वालाग्राही आहेत, म्हणून जवळ निरांजन, उदबत्ती किंवा गॅस पेटता नसावा आणि पुसून झाल्यावर दार उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटे वास पूर्ण जाऊ द्यावा; त्यानंतरच प्लग लावावा.

बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत पट्ट्यांवर मेणाऐवजी किंवा मेणाबरोबर क्षारांचा पांढुरका थर बसतो. तो अल्कोहोलने निघत नाही. त्यासाठी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून पिळलेले फडके पट्ट्यांवर पाच मिनिटे दाबून ठेवावे, मग मऊ घासणीने हलकेच घासून स्वच्छ ओल्या फडक्याने पुसावे आणि कोरडे करावे. तारेची घासणी, सँडपेपर किंवा भांडी घासायची पूड कदापि वापरू नये. त्यांनी स्टीलवर ओरखडे पडतात आणि पुढच्या खेपेला थर आणखी घट्ट बसतो. सॉफ्टनर वापरणे सोडवत नसेल तर निदान त्याचे प्रमाण निम्म्यावर आणावे आणि महिन्यातून एकदा पट्ट्या पुसाव्यात. सुगंधी ड्रायर शीट वापरणाऱ्यांना हे अधिकच लागू आहे, कारण त्या शीटवरील मेणचट द्रव्य गरम ड्रममध्ये थेट पट्ट्यांवर उतरते.

यंत्र थांबतच नसेल तर पुसताना दोन पट्ट्यांमधली फट बारकाईने, टॉर्च लावून पाहावी. आमच्या घरी एकदा यंत्र तीन तास फिरत राहायचे आणि घरातल्या प्रत्येकाचे त्यावर वेगळे मत होते. शेवटी फटीत आडवी अडकलेली साडीची पिन निघाली, जी दोन्ही पट्ट्यांना अखंड जोडून बसली होती. यू-पिना, नाणी, ब्लाउजचे हूक, तारेचे तुकडे, आणि ओल्या लिंटचा दाबून बसलेला गोळा, हे सारे तेच काम करू शकतात.

पाण्याचा भाग

सेन्सर वाहकतेवर चालतो, म्हणून पाणी बदलले की त्याचा निकालही बदलतो. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत एखाद्या ओळीत उरकलेली असते, आपल्याकडे मात्र ती रोजच्या व्यवहारातली आहे. मुंबईला तलावांतून येणारे पाणी क्षारांच्या दृष्टीने हलके असते. पुण्याच्या उपनगरांत एखाद्या सोसायटीत पावसाळ्यात धरणाचे आणि उन्हाळ्यात बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येते. कमी क्षाराच्या पाण्यातून प्रवाह कमी वाहतो, त्यामुळे तेवढाच ओलावा असूनही यंत्राला कपडे जरा लवकर वाळल्यासारखे वाटतात. घर बदलल्यावर ‘जुन्या घरी नीट चालणारा ड्रायर येथे ओले कपडे देतो’ अशी तक्रार येते, तिच्यामागे हे कारण असू शकते.

सोसायटीत वॉटर सॉफ्टनरचा प्लांट असेल तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. असा प्लांट पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे साबणाला फेस येतो आणि पांढरे डाग पडत नाहीत, पण पाण्यातील एकूण क्षार आणि वाहकता जवळजवळ तेवढीच राहते. टीडीएस मीटर बुडवले की हे लगेच दिसते. उलट कपडे नीट खंगाळले गेले नाहीत आणि डिटर्जंट कापडात राहिले तर वाहकता वाढते आणि यंत्र गरजेपेक्षा जास्त वेळ फिरते. पावडर कमी करून एक जास्तीचे रिन्स लावून पाहणे हा यावरचा साधा उपाय आहे.

पाण्यामुळे कपडे सातत्याने थोडे ओले राहत असतील, तर यंत्राच्या सेटिंगमध्येच दुरुस्ती असते. बॉशच्या अनेक ड्रायरमध्ये वाळवण्याची पातळी पायरीपायरीने वाढवता येते आणि ती कायम राहते. मिलेच्या यंत्रांत अतिशय कमी वाहकतेच्या पाण्यासाठी स्वतंत्र सेटिंग दिलेले असते. इतर काही यंत्रांत ‘ड्राय लेव्हल’ नावाचे बटण असते. एका वेळी एकच पायरी वाढवावी आणि तोच कपड्यांचा संच पुन्हा तोलून पाहावा.

दोन छोट्या चाचण्या

एवढे करूनही शंका उरली तर पुढील दोन चाचण्यांनी दोषाची दिशा कळते. पहिली चाचणी रिकाम्या, कोरड्या ड्रमची. ‘कपबोर्ड ड्राय’ लावून यंत्र रिकामेच सुरू करावे. पट्ट्यांना काहीच टेकत नसल्याने निरोगी यंत्र थोड्याच मिनिटांत वाळवणे थांबवून थंड करण्याच्या टप्प्यावर येते किंवा ड्रम रिकामा असल्याची सूचना देते. ते तसे न करता अर्ध्या तासानंतरही उष्णता देत असेल, तर पट्ट्यांमध्ये, त्यांच्या वायरींमध्ये किंवा पीसीबीत कोठेतरी दोन टोके आपसांत जुळलेली आहेत. दुसरी चाचणी चार-पाच ओल्या टॉवेलांची, त्याच प्रोग्रॅमवर. पट्ट्या स्वच्छ असूनही यंत्र दहा-पंधरा मिनिटांत ‘झाले’ म्हणत असेल, तर पट्टीपासून पीसीबीपर्यंतचा रस्ता कोठेतरी तुटलेला आहे.

मल्टिमीटर असल्यास

वॉरंटी चालू असेल तर यंत्र उघडू नये, येथेच थांबून कंपनीच्या सर्व्हिसला बोलवावे. पण ड्रमच्या आत राहून, काहीही न उघडता करता येण्याजोगे एक मोजमाप आहे. प्लग काढलेला असतानाच मल्टिमीटर रोधाच्या म्हणजे ओहमच्या सर्वांत मोठ्या पल्ल्यावर ठेवून त्याचे एकेक टोक एकेका पट्टीच्या कडेला लावावे. पट्ट्या कोरड्या असताना मीटरने रोध अमर्याद किंवा खूप मोठा दाखवायला हवा. पीसीबी जोडलेला असल्यामुळे तो पूर्णपणे अमर्याद दिसेलच असे नाही. रोध शून्याच्या जवळ आला तर दोन टोके जुळलेली आहेत. नंतर नळाच्या पाण्यात भिजवून पिळलेले फडके दोन्ही पट्ट्यांवर आडवे दाबावे, मीटरची टोके मात्र फडक्याला न लावता पट्ट्यांच्या मोकळ्या कडेलाच ठेवावीत. आकडा एकदम खाली, काही हजार किंवा काही दहा हजार ओहमच्या घरात उतरला तर पट्ट्यांचा पृष्ठभाग स्वच्छ आहे. फारसा फरक पडला नाही तर थर अजून शिल्लक आहे, पुन्हा पुसावे.

वॉरंटी संपलेली असेल आणि असे काम करण्याचा सराव असेल, तरच पुढचे पाऊल टाकावे. पट्ट्यांच्या दोन वायरी जेथे कनेक्टरमध्ये येतात तो भाग उघडावा. पुढचे पॅनेल काढावे लागेल की वरचे झाकण, हे प्रत्येक मॉडेलनुसार बदलते. उघडण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत आणि पत्र्याच्या धारदार कडांपासून वाचण्यासाठी हातमोजे घालावेत. कनेक्टर सोडवून प्रत्येक पट्टीपासून तिच्या पिनपर्यंत मोजावे. रोध जवळजवळ शून्य यायला हवा. तो अमर्याद आला तर वायर तुटली आहे किंवा पट्टीमागचा जोड सुटला आहे. मग दोन पिनांच्या मध्ये, तसेच प्रत्येक पिन आणि यंत्राच्या पत्र्याच्या मध्ये मोजावे. येथे रोध अमर्याद यायला हवा. ड्रम हेच एक टोक असलेल्या यंत्रांना हा शेवटचा नियम लागू होत नाही. त्यांत फिरत्या ड्रमला विद्युतसंपर्क देणारा कार्बनचा छोटा ब्रश असू शकतो आणि तो झिजला की सेन्सर अधूनमधून गैरहजर राहतो.

आपल्याकडे तुटलेल्या वायरीचे एक कारण माहितीपुस्तिकेत सहसा सापडत नाही, ते म्हणजे उंदीर. यंत्राच्या तळाशी उबदार जागा असते आणि प्लॅस्टिकच्या पातळ वायरी कुरतडायला सोप्या असतात. किनारपट्टीच्या भागात कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. दोन-तीन वेळा कनेक्टर काढून घातला आणि पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्या, तरी पुष्कळदा संपर्क पूर्ववत होतो. तुटलेली वायर जोडायची झाल्यास ती सोल्डर करून उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. नुसती पिळून चिकटपट्टी लावलेला जोड यंत्राच्या थरथरीने सुटतो.

हीट पंपच्या यंत्रात तांब्याच्या नळ्या आणि कंप्रेसरच्या बंदिस्त भागाला हात लावू नये. नव्या यंत्रांपैकी अनेकांत आर-290, म्हणजे प्रोपेन हा ज्वालाग्राही वायू भरलेला असतो. त्या भागाचा आणि ओलावा-सेन्सरचा काही संबंधही नसतो.

पट्ट्या स्वच्छ, वायरी शाबूत, जोड घट्ट, आणि तरीही दोन्ही चाचण्यांत निकाल चुकत असेल, तर दोष पीसीबीत आहे, असे आता निश्चितपणे म्हणता येते. मेकॅनिकला बोलावताना केवळ ‘सेन्सर खराब आहे’ असे सांगू नये. टायमरवर कपडे वाळतात, रिकाम्या ड्रमवर यंत्र किती मिनिटे चालले, ओल्या टॉवेलांवर किती मिनिटांत थांबले आणि कपड्यांची तीन वजने किती भरली, हे कागदावर लिहून द्यावे. तो न तपासताच पीसीबी बदलायचे म्हणाला, तर पट्ट्यांमधला रोध आपल्यासमोर मोजून दाखवण्याची विनंती करावी. जाणकार माणूस त्याला हरकत घेत नाही. भाग बदलून झाल्यावर बिलावर सही करण्याआधी तोच 3.2 किलोचा संच पुन्हा भिजवून, पिळून ड्रममध्ये घालावा. मेकॅनिक तोवर थांबणार नाही, हे गृहीत धरून निदान ओल्या टॉवेलांची पंधरा मिनिटांची चाचणी त्याच्यासमोर उरकावी, आणि पूर्ण संचाचे वजन संध्याकाळी तोलून काही कमी-जास्त आढळल्यास दुसऱ्याच दिवशी फोन करावा.